आव्यावरचा चोर

“या खेपेला एक जरी मडकं तडकलं, तर तुझा आवा जप्त आणि तू कडेगिरीच्या हद्दीबाहेर!” राजे भुजंगरावांनी भर दरबारात येसू कुंभारणीला सुनावले.

त्याचे असे झाले होते की राजांना व्यापाराची हौस आली होती. राज्यात ऊस उदंड; तेव्हा काकवी मडक्यांत भरून गाड्यांनी बंदरावर पाठवायची, असे त्यांनी ठरवले. बेत चांगलाच होता. पण ज्याने आयुष्यातला पहिला माल गाडीवर चढवला आहे, त्याला पुढचे सांगायला नको. राजांची झोप उडाली. घाटात बैल बसले तर? बंदरावर काकवी कोणी घेतलीच नाही तर? वाढलेले ताट तसेच परत जाऊ लागले. वैद्यांनी काढे दिले. दिवाणजी “काळजी नसावी” एवढेच म्हणाले आणि त्यापायी बोलणी खाऊन बसले.

या साऱ्या काळजीचा मार पडला तो येसूच्या आव्यावर. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. कच्ची मडकी गोवऱ्यांत रचायची, वरून राख-माती लिंपायची, आग द्यायची, आणि मग आवा आपणहून निवेपर्यंत त्याला बोट लावायचे नाही. तापल्या मडक्यांना बाहेरचा वारा लागला की ती तडकलीच म्हणून समजा. येसूचा बाप गुडघे धरून बसल्यापासून घर या आव्यावरच चालले होते. पण राजांना दम कुठला? मडकी भाजली की नाही हे बघायला ते स्वतः यायचे, काठीने लिंपण उकरायचे, आत डोकावायचे आणि निघून जायचे. दोन आवे असेच वाया गेले, आणि दोन्ही वेळा दोष येसूच्या माथी आला.

आता तिसरा आवा. राजे येणार, उकरणार आणि मडकी तडकणार, हे येसूला पक्के ठाऊक होते. पण “सरकार, तुम्हीच फोडलीत” असे दरबारात म्हणायला जीभ कोणाची धजावणार?

तिने हात जोडले. “अट मान्य आहे, सरकार. पण माझी एक फिर्याद आहे. आधीचे दोन्ही आवे कोणीतरी काठीने उकरलेत. या खेपेलाही तो चोर येणार.”

राजे ताडकन उभे राहिले. म्हणजे आपल्या धंद्यावर कोणाचा तरी डोळा आहे तर! आपली काठी काही त्यांना आठवली नाही. काळजीने पोखरलेल्या माणसाला शत्रू दाखवला की त्याला उलट हुरूप येतो. त्यांनी चोराचे नाव विचारले. येसू म्हणाली, नाव घ्यायची माझी छाती नाही; सापडला की सरकार आपणच ओळखतील. शिक्षाही तिनेच सुचवली. कोठडीत बसवून त्याला फुकट जेवू घालण्यापेक्षा, आवा निवेपर्यंत त्याने माझ्या अंगणात माती तुडवावी. राजांना ही शिक्षा फारच नरम वाटली, पण त्यांनी मान डोलावली.

“चोर लहान असो, मोठा असो?” येसूने खुंटा हलवून घट्ट केला.

“कोणीही असो. माझ्या राज्यात कोणाला सूट नाही.” हे म्हणताना राजांनी मिशीवरून हातही फिरवला.

गावभर दवंडी पिटली गेली. आवा पेटला. बाळोजी हवालदार दोन शिपाई घेऊन पहाऱ्याला बसले.

दुसऱ्या दिवशी रणरणत्या उन्हात एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी पांघरून आव्याकडे आला. पहारा नीट चालला आहे ना, एवढेच त्याला बघायचे होते. आता आलोच आहोत तर मडक्यांवरही जरा नजर टाकू, असे त्याला वाटले. काठीचे टोक लिंपणाला लागले मात्र, बाळोजींनी त्याचे मनगट धरले. घोंगडी गळून पडली. बाळोजींनी मोकळ्या हाताने मुजरा केला, पण धरलेले मनगट काही सोडले नाही.

“अरे, मी आहे मी!”

“दिसतंय ना, सरकार. पण दवंडीही सरकारांचीच आहे.”

राजे लालबुंद झाले. त्यांनी येसूकडे पाहिले. ती मातीच्या ढिगावर पाणी शिंपडत होती. “जोडे तेवढे काढून ठेवा, सरकार,” ती म्हणाली.

शब्द गावभर गेला होता. राजे चिखलात उतरले. चार पावले तुडवली नाहीत तोच म्हणाले, “येसू, गाड्या घाटात अडकल्या तर गं?”

“डाव्या पायाखाली खडा आहे, सरकार. आधी तो काढा. राहिला तर मडकं तडकेल.”

राजांनी वाकून खडा काढला. थोड्या वेळाने त्यांना बंदरावरचे व्यापारी आठवले.

“त्यांनी भाव पाडून मागितला तर?”

“आता उजव्या पायाखाली बघा.”

असे बराच वेळ चालले. ऊन कलले तसे राजे आपणहून खडे हुडकू लागले, आणि व्यापारी तर त्यांच्या डोक्यातून पार निघून गेले. येसूच्या बापाने भाकरी आणि ठेचा पुढे केला, तो राजांनी आणखी मागून घेतला. मग तिथेच ओट्यावर असे घोरू लागले की पालखी घेऊन आलेले दिवाणजी बघतच राहिले.

आवा निवला तेव्हा येसूने तो राजांच्याच हातून उघडवला. राजांनी एकेक मडके उचलून बोटाने वाजवले. शेवटचे वाजवताना येसूनेही कान पुढे केला. तेही टण्ण वाजले! एकालाही तडा नव्हता.

मडके हातात तसेच धरून राजांनी विचारले, “चोर मीच आहे, हे तुला आधीपासून ठाऊक होतं. मग दरबारात सरळ का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर शिक्षा मला झाली असती, सरकार. म्हटलं, शिक्षा आधी आपल्याच तोंडून ठरवून घ्यावी. चोर काय, मागाहून सापडतोच.”

राजे इतके हसले की हातातले मडके पडता पडता वाचले. आव्याची जागा येसूला इनाम मिळाली, आणि यापुढे काकवीची सगळी मडकी तिच्याकडूनच घ्यायची असा हुकूमही सुटला.

गाड्या बंदराकडे निघाल्या. बाळोजींनी विचारले, “आता पहारा उठवू का, सरकार?”

“छे!” राजे धोतर खोचत मातीच्या ढिगाकडे निघाले. “गाड्या परत येईपर्यंत त्या चोराचा काही भरवसा नाही.”