न कलणारी मोटार

"...पण जाड बार लावला तर मोटार कलायची थांबंल का न्हाई, तेवढं सांगा," कृष्णात म्हणाला.

दस्तगीरचाचा मोटारीखाली होते.

घाटाच्या पायथ्याला त्यांचं गॅरेज. कृष्णात सातवीतून सुटला तो थेट त्यांच्या हाताखाली आला, आणि तिथंच मोठा झाला. मोटार त्याच्या दादाची, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून हौसेनं घेतलेली, जुनी, गोल पाठीची. दादा होळीच्या आधी काविळीनं गेला. तेरावं झालं, आणि दुसऱ्याच दिवशी ह्यानं कुणाला न विचारता ती जॅकवर चढवून चाकं खोलून टाकली.

स्प्रिंगा नव्या झाल्या. शॉकअप झाले, बुश झाले. दर वेळी तो घाटात चालवून बघायचा, आणि मोटार कलायचीच. राहिला तो पुढचा बार, या चाकापासून त्या चाकापर्यंत जाणारा आणि वळणावर गाडीला ओढून धरणारा लोखंडी दांडा. जुना बोटाएवढा होता. ह्यानं दुप्पट जाडीचा करून आणला.

"जुनी गाडी जरा कलणारच," चाचा खालून म्हणाले. "तुझ्या दादाला कवा खटकलं न्हाई."

"तवाची गोष्ट येगळी."

"कशी येगळी?"

कृष्णातनं हातातला पाना फडक्यानं पुसायला घेतला...

त्या मोटारीची पुढची सीट सलग, बाकासारखी. दादा चालवायचा आणि हा शेजारी. डावं वळण आलं की हा घसरत दादाच्या खांद्यावर जायचा. सरक की रं, म्हशीगत अंगावर येतोस, असं दादा दर वेळी म्हणायचा आणि पुढचं डावं वळण मुद्दाम जरा जोरात घ्यायचा.

आता चालवणारा हाच. उजव्या वळणाला तो डावीकडे कलंडायचा, आणि तिथं कुणी नसायचं.

यातलं काही तो चाचांना बोलला नाही. मला ती सरळ पाहिजे, एवढंच म्हणाला.

चाचांनी वाद घातला नाही. बार बसवला, नट आवळले, चाकं चढवली. मग फडक्याला हात पुसले आणि चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसले.

मोटार घाटाला लागली. पहिलंच मोठं वळण उजवं. कृष्णातनं हट्टानं वेग कमी केला नाही. मोटार पाटासारखी सपाट वळली... आणि तो मात्र घसरत गेला. त्याचा खांदा चाचांच्या खांद्याला जाऊन टेकला.

चाचा सरकले नाहीत.

वळण संपलं. रस्ता सरळ झाला, तरी तो तसाच टेकून राहिला. मग एकदम भानावर आला, ओशाळला आणि गाडी कडेला घेतली.

"मोटार कलली?" चाचांनी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

कृष्णातनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"चाचा... ह्याच्यापेक्षा जाड मिळतो?"

"मिळंल की."

चाचा समोर रस्त्याकडे बघत होते. ते दाराकडे सरकले नाहीत, जागचे हललेही नाहीत.

"फुडचं वळणबी उजवंच हाय," ते म्हणाले. "घे गाडी."