झाडलं तिथेच जेवण

चिंचनेर नावाचं एक गाव होतं. मोठं देखणं, पण फक्त पुढून. राजरस्त्यावर रोज सडा, दारोदारी रांगोळ्या, आणि त्या सगळ्या घरांचा कचरा मात्र मागच्या रंगारआळीत. आळीतल्या लोकांनी आधी तक्रार करून पाहिली, मग भांडून पाहिलं, आणि शेवटी कंटाळून तेही आपला कचरा तिथेच टाकू लागले.

आळीतली तरणी मुलंही गावाने अशीच टाकून दिली होती. दिवसभर पारावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायची आणि दिवेलागणीला आपसात गुद्दागुद्दी करायची, हा त्यांचा उद्योग. "वाया गेली ही कार्टी," असं म्हणून मोठी माणसं हात झटकून मोकळी व्हायची.

आळीतच राहणाऱ्या अंबूताईंना हे काही पटेना. आळीत सरकारचं एक धान्याचं कोठार रिकामं पडलं होतं. ते त्यांनी कारभाऱ्यांच्या मागे लागून वापरायला मिळवलं आणि तिथे 'हातभार मंडळ' सुरू केलं. सकाळी पोरापोरींनी आळी झाडायची, दुपारनंतर कोठारात बसून कुणी सुतारकाम शिकायचं, कुणी शिवण, कुणी अक्षरं. मंडळाचे कार्यकर्ते होते मोजकेच, पण एकेक माणूस असा, की त्याच्याकडे बघून दुसऱ्याने आपोआप बाह्या सरसावाव्यात.

त्यातलाच एक हैबती. तोही एकेकाळी पारावरच बसायचा. अंबूताईंनी त्याच्या हातात झाडू दिला तेव्हा तो हसला होता. आता तोच पोरांच्या हातात झाडू द्यायचा, आणि कुणी हसलं तर त्याला राग येत नसे. बिचाऱ्याला ते हसू चांगलंच ओळखीचं होतं.

या मंडळाची एक रीत होती, आणि ती गावात कुठेच नव्हती. दुपारी भाकरी सोडायची ती त्या दिवशी जिथे झाडलं तिथेच बसून. झाडाखाली नाही, ओसरीवर नाही. ज्या कोपऱ्यात सकाळी नाक धरून काम केलं, त्याच कोपऱ्यात मांडी घालायची. बसवलं तर जागा साफ झाली. नाही बसवलं तर उठायचं आणि पुन्हा झाडू घ्यायचा. मंडळात काम तपासायला वेगळा माणूस कधी ठेवावाच लागला नाही.

गावातले लोक नाक मुरडायचे. "आज कुठल्या उकिरड्यावर पंगत?" असं मुद्दाम विचारायचे. "तुमच्याच घरामागच्या, या की!" असं पोरं उलट ओरडायची.

एके दिवशी कारभारी मंडळात आले. पायात जरीचे नवे जोडे, त्यामुळे उंबऱ्याबाहेरूनच बोलले. "देवीच्या जत्रेला राणीसरकार येताहेत. आळीतली बारव त्या दिवशी साफ दिसली, तर हे कोठार कायमचं मंडळाला मिळेल. नाही दिसली, तर इथे घोड्यांची वैरण भरायची आहे."

बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत जाणारी जुनी दगडी विहीर. कधीकाळी सगळी आळी तिचं पाणी प्यायची. आता तिच्यात पाणी सोडून सगळं होतं.

अंबूताईंनी ते काम हैबतीवर सोपवलं. त्याची छाती फुगली, आणि तितकीच धडधडूही लागली. कोठार गेलं तर पोरं कुठे जाणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पार काही लांब नव्हता.

पोरांनी मात्र कमाल केली. वरपासून खालपर्यंत साखळी करून घमेली फिरू लागली. फुटकी मडकी, कुजलेल्या चिंध्या, मेलेल्या कोंबड्या, बैलगाडीच्या चाकाची एक अख्खी लोखंडी धाव, काय काय निघालं! गेनू नावाचा एक दांडगा पोरगा होता. आळीतली निम्मी भांडणं त्याने लावलेली असायची आणि उरलेली त्याच्यामुळे व्हायची. तोच आता सगळ्यात खाली उभा राहून गाळ उपसत होता. रोज दुपारी पोरं नव्या साफ झालेल्या पायरीवर बसून जेवायची, आणि रोज ती पंगत थोडी खाली सरकायची. हैबतीला ते पाहून भरून यायचं.

पण तळ काही हाती लागेना. जत्रेचा दिवस उजाडला तरी खाली काळा, घाण मारणारा चिखल होताच.

सकाळीच कारभारी डोकावले. खाली पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, हे काय? राणीसरकार दुपारी येणार!"

"अजून दोन-चार दिवस हवेत," हैबती म्हणाला.

"दिवस कुठून आणू? हे बघ, सरकार काही खाली उतरत नाहीत. काठावरून बघतात आणि पुढे जातात. चिखलावर बांबूचे तट्टे टाक, त्यावर गवत, त्यावर झेंडूची फुलं. जत्रेसाठी गाड्या भरून आलीत. मग हवं तेवढं उपसत बसा. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

तसं पाहिलं तर खोटं काय होतं त्यात? काम तर होणारच होतं, दोन दिवस मागेपुढे. पोरांचं छप्पर वाचणार होतं. हैबतीने बराच विचार केला आणि तट्टे मागवले.

पोरांनी तट्टे चिखलावर टाकले. एरवी कामात गाणी म्हणायची, चिडवाचिडवी चालायची. आज मुकाट्याने गवत पसरलं, फुलं अंथरली. वरून बघितलं तर बारव अशी सजली होती, की डोळ्याचं पारणं फिटावं. कारभारी खूश होऊन राणीसरकारांच्या पालखीला सामोरे गेले. अंबूताई तट्टे येण्याआधीच स्वागताला वेशीवर गेल्या होत्या.

दुपार झाली. पोरांनी सवयीने आपापल्या भाकऱ्या सोडायला घेतल्या. गेनूने खालच्या फुलांकडे पाहिलं, मग हैबतीकडे पाहिलं.

"दादा, आज कुठं बसायचं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. सगळी पोरं हैबतीच्या तोंडाकडे बघत राहिली.

'आजच्या दिवस वर बसा.' एवढंच म्हणायचं होतं. पण आजवर या पोरांना तो कितीतरी गोष्टी सांगत आला होता, आणि त्यांनी त्या ऐकल्या होत्या, कारण जिथे ती बसली तिथे तोही बसला होता. आज ती पहिल्यांदाच त्याला खालून वरपर्यंत न्याहाळत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने भाकरी बाजूला ठेवली, धोतर खोचलं आणि फुलांखालचा एक तट्टा बाजूला सारून सरळ चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत रुतला. "काढा रे हे तट्टे," तो म्हणाला. "माझं चुकलं. जेवण नंतर, आधी घमेलं द्या."

एका क्षणात बारवेत पुन्हा गलका सुरू झाला. झेंडूची फुलं चिखलासकट घमेल्यांतून वर जाऊ लागली, आणि नेमकी तेव्हाच पालखी आली.

कारभाऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काठावर गाळाचा ढीग, दुर्गंधी सुटलेली, आणि चिखलाने माखलेली ती पोरं! राणीसरकारांनी पदर नाकाला लावला आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

हैबती वर आला, पण आब राखून लांबच उभा राहिला. "सरकार, बारव साफ झालेली नाही. सकाळी आम्ही चिखल फुलांखाली झाकला होता. झाकायला मीच सांगितलं. या पोरांचा त्यात काही दोष नाही."

"मग उघडा का केलास?"

"आमच्यात झाडलं तिथेच जेवतात, सरकार. फुलांवर बसून घास उतरला नसता."

अंबूताई पालखीमागेच उभ्या होत्या. कोठार हातचं चाललंय हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी पदर खोचला, पायऱ्या उतरल्या आणि साखळीत जागा करून पुढचं घमेलं उचललं. मंडळाची माणसं ती ही अशी.

राणीसरकार नाकावरचा पदर काढून बारवेत डोकावल्या. मग म्हणाल्या, "सकाळपासून जाईन तिथे मला फुलंच दाखवताहेत. चिखल दाखवणारा तू पहिलाच." त्या कारभाऱ्यांकडे वळल्या. "कारभारी, बाकीच्या ठिकाणी फुलांखाली काय आहे, ते उद्यापासून स्वतः उतरून बघायचं. जोडे काढून."

कारभाऱ्यांनी मान खाली घातली.

"पण शब्द तो शब्द," त्या हैबतीला म्हणाल्या. "बारव साफ नाही, म्हणून कोठार आज मिळणार नाही. काम झालं की निरोप पाठव. मी बघायला येणार नाही. तू झालं म्हणालास, की झालं."

जत्रा उठली, दुकानं मोडली, तरी पोरं बारवेतच होती. आळीतली मोठी माणसंही हळूहळू पाट्या घेऊन उतरू लागली, कारण आता नुसतं काठावर उभं राहणं त्यांनाच अवघड वाटायला लागलं होतं. शेवटी एका सकाळी तळाची फरशी लागली, आणि तिच्या सांध्यातून झऱ्याचं पाणी पाझरू लागलं. हैबतीने निरोप धाडला. सरकारांकडून कुणी तपासायला आलं नाही. कोठार मंडळाला दिल्याचा हुकूम तेवढा आला.

आळीत पेढे वाटले गेले. गेनू हैबतीच्या शेजारी येऊन बसला. थोडा वेळ उगाच दगडाशी खेळत राहिला.

"दादा, त्या दिवशी तू 'वर बसा' म्हणला असतास ना, तर मी गुमान बसलो असतो."

"ठाऊक आहे मला."

"जेवलोही असतो. पण दुसऱ्या दिवशी मंडळात आलो नसतो. आमच्यातलं कुणीच आलं नसतं."

हैबतीने वळून कोठाराकडे पाहिलं. जे कोठार वाचवायला त्याने फुलं अंथरली होती, ते त्याला मिळालं असतं खरं, पण रिकामं.

तात्पर्य एवढंच, की पोरांचं भलं करायला निघालेल्या माणसाने आधी त्यांच्यासमोर खरं वागावं. छप्पर उद्याही उभं राहील, पण पोरांचा एकदा उडालेला विश्वास पुन्हा बसत नाही.