मुठ्या डोंगराचं मोडलेलं बोट

मुठ्या डोंगर लांबून बघितला तर रागानं आवळलेल्या मुठीसारखा दिसतो. वर चार पेरं, बाजूला अंगठा, आणि पायथ्याला गाडीएवढाले दगड अस्ताव्यस्त पडलेले. डोंगरापुढे कोरडा माळ पसरलाय. कुसळी गवत, खुरटी बोर, तांबूस मुरूम. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच जातो. या माळाचं आता माळढोक पक्ष्याचं अभयारण्य झालं आहे. फाटकावर तिकीट फाडण्याआधी येणाऱ्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट तळहातात मुडपून त्यावर काळ्या लोकरीचा धागा बांधतात. कारण या माळावर बोट दाखवायचं नाही, अशी रीत आहे.

धागा बांधायचं काम सिदूतात्या हाक्यांकडे आहे. जीपमधून उतरलेल्या मंडळींत एखादा तरी हसतोच.

"तात्या, बोट बांधलंत तर कॅमेऱ्याचं बटण कशानं दाबू?"

"अंगठ्यानं दाबा. जमत नसंल तर डोळ्यानं बघा. देवानं दोन दिल्यात."

इथवर तात्या हसत असतात. पण मग कुणीतरी म्हणतं, "काय हो, सगळा जन्म माळावर गेला आणि माळढोक कुठं बसतो ते तुम्हाला ठाऊक नाही?" की तात्यांचा जबडा घट्ट होतो. "हे बोलणं ह्या माळानं आधी एकदा ऐकलंय," ते म्हणतात, आणि धागा बांधता बांधता सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगराचं पहिलं बोट ताठ होतं, म्हणे. तो उंच सुळका होता आणि त्याचा रोख खालच्या झऱ्याकडे होता. वाटसरू सुळका बघून पाण्यावर यायचे. झऱ्याजवळ धुळा आणि भिवरा या धनगर नवराबायकोचा वाडा होता, म्हणजे मेंढरांचा तळ.

त्या काळी धनगरांचा एक आडाखा होता. माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ती जिथं बसेल तिथून पहिलं गवत उठणार, असं ते मानत. म्हणून मादी बसली की भिवरा मेंढरं लांबून वळवायची. कुत्री तिच्यामागं धावू नयेत म्हणून त्यांच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवायची. त्या साली तर सलग तिसरा दुष्काळ होता. मेंढरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. भिवराचं सगळं चित्त त्या एका अंड्यावर होतं.

अशात कुणी एक सरदार शिकारीला आला. सोबत दहा-बारा घोडी. भिवरा लांबच्या तळाकडे कोकरं बघायला गेली होती. धुळानं पाहुण्यांना घोंगडं अंथरलं, ताक दिलं. सरदारानं विचारलं, माळढोक कुठं सापडेल? धुळा गप्प राहिला. तेव्हा सरदार आपल्या माणसांकडे बघून हसला.

"याला काय विचारता? मेंढरांच्या शेपट्या मोजणारा माणूस. माळ याला काय कळणार?"

धुळा तसा भोळा माणूस, पण माळाचा त्याला गर्व होता. तो ताडकन उठला. "मला न्हाई कळत? त्या तीन बोरी दिसत्यात? त्याच्या डाव्या अंगाला." आणि त्यानं बोट दाखवलं.

भिवरानं बंदुकीचा बार ऐकला तो परतीच्या वाटेवर. ती धावत तीन बोरींपाशी पोचली तेव्हा तिथं पिसं उडत होती. मादी घोड्याच्या खोगिराला लटकवलेली होती. अंडं टापेखाली फुटून मुरमात मुरलं होतं. भिवरानं तो ओला मुरूम मुठीत घेतला आणि तशीच वाड्यावर आली. ती रडली नाही, असं सांगतात. तिच्या तोंडाकडे बघून कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

"कोण्या बोटानं दाखवलंस?"

धुळानं मान खाली घालून हात पुढे केला.

"शत्रूनं मारलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तू तर घरचा. एका टोमण्यासाठी तिचं घर दाखवलंस व्हय रं?" तिनं सूत कातायच्या चातीवरची काळी लोकर ओढली, त्याचं बोट तळहातात मोडून धरलं आणि करकचून बांधलं. "ती पुन्हा ह्या माळावर बसंल तवाच हे सुटंल. तवर तुझं बोट मेलं."

मग ती डोंगराकडे वळली. "आणि तू रं? तूबी येईल त्याला बोटच दाखवतोस. मीट ते!" हातातला मुरूम तिनं डोंगरावर भिरकावला.

भर दुपार होती. ढग नाही, वारा नाही. आणि सुळका मुळापासून तडकला, म्हणे. धुरळा खाली बसला तेव्हा डोंगराची मूठ वळलेली होती आणि झऱ्याची वाट दगडांखाली गेली होती.

सरदाराची माणसं पाणी शोधत दिवसभर त्याच त्या ओढ्यात फिरली. खूण उरली नव्हती. संध्याकाळी सगळे वाड्यावर आले. सरदाराची जीभ टाळूला चिकटली होती. "झरा कुठं आहे?" त्यानं विचारलं. धुळानं आपली बांधलेली मूठ पुढे धरली.

भिवरानं स्वतः घागर आणली. "पाणी मागा, देईन. वाट मागू नका. धनगराच्या दारातून कुणी तान्हेलं जात न्हाई, म्हणून देते. प्या आणि चालते व्हा." सरदार वाकून, ओंजळीनं प्यायला. ती धार सोडत होती आणि तिचे दात आवळलेले होते.

त्या साली गवत कुठं उठेल ते कुणालाच कळलं नाही. निम्मी मेंढरं वाळून मेली. एकेक मेंढरू पुरताना भिवरा नवऱ्याकडे बघायची. अशी बारा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी एका संध्याकाळी ती वाड्याच्या तोंडाशी उभी होती. मेंढरं रोज डोंगराच्या अंगानं यायची. त्या दिवशी धुरळा ओढ्याच्या बाजूनं उठला. धुळानं मेंढरं कोसभर लांबून वळवून आणली होती. कुत्र्यांच्या गळ्यात लोढणी होती. ती लोढण्यांकडे बघत राहिली.

"काय बघितलंस?" तिनं विचारलं.

धुळाचे डोळे भरले होते. ओठ हलले. सांगायला ती एकच तर होती. पण त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"माळ बघितला," तो म्हणाला.

भिवरा पुढे झाली आणि तिनं धागा सोडला. बोट काही सरळ झालं नाही. ते मरेपर्यंत तसंच राहिलं, असं सांगतात.

आजही हाक्यांच्या घरचा माणूस धागा बांधल्याशिवाय माळावर पाऊल टाकत नाही. आजही पाहुण्यांना फाटकावर घागरीनं पाणी मिळतं, पण झरा कुणाला दाखवत नाहीत. अलीकडे माळढोक इथून संपला, असं म्हणतात. मोठमोठी माणसं दुर्बिणी लावून मोजून गेली. तात्यांना कुणी विचारलं, खरंच संपला का हो, की ते आपली मूठ आणखी आवळतात.

परतताना धागा आपल्या हातानं सोडायचा नसतो. फाटकावर तात्यांची भावजय हौसाक्का बसलेली असते. ती प्रत्येकाचा हात धरून विचारते, "काय बघितलंसा?" जो हरणं सांगतो, लांडगा सांगतो, त्याचा धागा ती सोडत नाही. त्याला पुन्हा रांगेत पाठवते.

मग सगळ्यात शेवटी सिदूतात्या येतात. तेही हात पुढे करतात. कधी कधी त्या दिवशी त्यांची चप्पल ओढ्याच्या गाळानं भरलेली असते, आणि ते तासभर उशिरा, लांबच्या वाटेनं आलेले असतात.

"काय बघितलंसा, भावजी?"

"माळ बघितला."

हौसाक्का धागा सोडते.