उंच दगडावरची वाटी

फार वर्षं झाली या गोष्टीला. काळखडी गावात तेव्हा विहीर एकच होती आणि मुलाण्याचं घरही एकच. रसूल मुलाणी गावची बकरी कापायचा, आणि त्याबद्दल प्रत्येक बकऱ्याची कलेजी त्याच्या घरी जायची. त्याची बायको जैनब. तिला मूलबाळ नव्हतं. कुणी खवचटपणे विचारलंच, तर ती म्हणायची, "हायत की! दारात बघा." दारात मांजरं बसलेली असायची.

मांजरांना घालायची रीत जैनबच्या सासूची, अमीनबीची. म्हातारी जिभेची तिखट, पण हाताची नेमकी. ती मांजरांना शिजवलेलं काही घालायची नाही. "शिजवलेलं हाड घशात रुततं," म्हणायची. "मांजर उंदीर खातंय तर मांस, हाडं, पोटातलं सगळं खातंय. आपन बी तसंच द्यावं. कच्चं मांस मूठभर, कवळं हाड ठेचून चिमूटभर, आन् कलेजी..." इथं ती करंगळी पुढं करायची, "...ह्या नखाएवढी. जास्त न्हाय." जैनब मान डोलवायची आणि मनात म्हणायची, म्हातारी चिक्कू आहे.

पुढं अमीनबी गेली. त्याच साली कुत्र्यांनी एक मांजरी मारली आणि तिचं एकच पिल्लू मागं उरलं. पांढरंशुभ्र, डोळेही न उघडलेलं. जैनबनं ते पदरात घेतलं, कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजलं, आणि नाव ठेवलं चांदणी. तिला दात आले तशी जैनब मांस बारीक खरवडून द्यायला लागली. पण चांदणीनं तोंड फिरवलं. हाडाकडं तर पाहिलंच नाही. मग जैनबनं कलेजीचा तुकडा पुढं धरला, तो तिनं गपकन खाल्ला आणि बोटं चाटत राहिली. त्या खरखरीत जिभेनं जैनबला काय वाटलं ते सांगायला नको. ज्यांच्या दाराशी हट्ट करणारं कुणी नव्हतं, त्यांनाच ते कळायचं.

त्या दिवसापासून चांदणीला नुसती कलेजी. रसूल म्हणाला, "अगं, अम्मीनं काय सांगितलं हुतं?"

"खाऊ द्या वं. लेकरू हाय. मागतंय ते द्यायचं न्हाय तर मग कुनासाठी ठेवायचं?"

रसूलच्याही ताटातली कलेजी मग चांदणीच्या वाटीत जाऊ लागली. जत्रेत तर सारं गाव तिच्यासाठी तुकडे पाठवी. चांदणी अशी झळकायची की दुपारच्या उन्हात तिच्याकडं बघवत नसे, असं म्हणतात.

मग एक दिवस ती चुलीच्या ओट्यावर उडी मारेना. जैनबला वाटलं, लाडावलीय. पुढं उचलून घेतलं की ती कळवळून ओरडायला लागली. आणि एका सकाळी जैनबनं वाटी जमिनीवर ठेवली, चांदणी वाटीपाशी आली, उभी राहिली, पण तिची मान खाली वाकेना. मानेचं हाड लाकडासारखं ताठ झालं होतं. वाटी समोर होती आणि ती भुकेली नुसती जैनबकडं बघत राहिली.

जैनबला तेव्हा सासूची करंगळी आठवली. त्याच दिवशी तिनं कलेजी बंद केली, मांस आणि हाड द्यायला लागली, तेल चोळलं, पिराला नवस बोलली. पण ताठलेली मान काही सुटली नाही. शेवटी तिनं दारातल्या लिंबाखाली एक दगड आणून उभा केला आणि त्यावर वाटी ठेवली, चांदणीच्या तोंडाच्या उंचीला. चांदणी त्या वाटीत खायची आणि जैनब शेजारी बसून रडायची. मांजर फार जगलं नाही. तिच्या मांडीवरच गेलं. "दुश्मन न्हाय कुनी," ती रसूलला म्हणाली, "माझ्याच मायेनं मारलं तिला."

त्यानंतर जैनबचा हात कधी चुकला नाही. रोज सकाळी ती लिंबाखाली बसायची. मूठभर, चिमूटभर, नखाएवढी. पिल्लांना आधी आईचं दूध, दात आले की बारीक ठेचलेलं, उरलेलं लगेच उचलून टाकायचं. आसपासच्या गावांतून मांजरं यायची आणि न भांडता ओळीनं बसायची, असं म्हणतात. एका साली उंदीर पुरासारखे आले. साऱ्या मुलखाची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, रिकामी झाली. काळखडीच्या पेवांना मात्र मांजरांनी कडं केलं आणि दाणा हलू दिला नाही. गाव जैनबच्या पाया पडायला आलं. ती म्हणाली, "हे सगळे वाचले. ती न्हाय वाचली." आणि पुन्हा मांस ठेचायला बसली.

जैनब गेली तेव्हा मांजरं कबरस्तानापर्यंत मागोमाग गेली. सगळे परतायला निघाले तेव्हा एक पांढरं मांजर मान ताठ धरून आलं, असं म्हणतात. कबरीपाशी थांबलं आणि त्यानं सावकाश मान वाकवली, पार मातीला तोंड लागेपर्यंत. पाहणारे ढसाढसा रडले. पण ज्या बाईनं आयुष्यभर त्या ताठ मानेचं दुःख वाहिलं होतं, तिला ते दिसलं नाही.

काळखडीत आजही बकरं कापलं की पहिला वाटा लिंबाखाली जातो, कच्चा, बिनमिठाचा. कुणी लेकराचे फाजील लाड करायला लागलं की गावातल्या बाया काही बोलत नाहीत, नुसतं करंगळीचं नख दाखवतात. वाटी अजून त्या उंच दगडावरच असते. गावच्या मांजरांना तिथं मान उंचावून खावं लागतं, पिल्लांना तर उचलून ठेवावं लागतं. खाली ठेवली तर सगळ्यांनाच सोपं जाईल, हे प्रत्येकाला कळतं. तरी वाटी खाली कुणी ठेवत नाही. न जाणो, आज चांदणी यायची.