तळ्याला वळसा घालणारी वाट

मंडळी, जरा पायाखाली बघा. फाटकापासून गिरणीच्या जुन्या धुराड्याकडे जाणारी ही दगडी वाट अगदी सरळ आहे. फक्त इथे तळ्यापाशी ती मोठा वळसा घेते. नकाशात म्हणे ती सरळच होती. मग वळली कशी, ते आमच्या सोलापुरात असे सांगतात.

इथे सूतगिरणी होती. ती बंद पडली, पत्रे उडाले, भर शहरात बाभळी माजल्या. उरले गिरणीचे तळे आणि त्याच्या झिरपणाऱ्या पाण्यावर जिवंत असलेला हा शेजारचा आड. पलीकडच्या चाळी त्याच आडावर जगत. पुढे या जागेवर बाग आणि बाजार करायचे ठरले. नकाशा काढणाऱ्या रेवती दाणी बाईंनी कागदावर तळे बुजवून त्यावरून वाट नेली. तळे गेले की आड आटणार, हे चाळीला कळत होते. सांगायचे कुणाला, ते कळत नव्हते.

एका संध्याकाळी वाट खणण्यासाठी आखलेल्या फक्कीच्या रेघा तळ्याच्या काठापर्यंत आल्या. सकाळी नरसव्वा यन्नम पाण्याला आली. गिरणीत कांड्या भरून तिची उमर गेलेली, नजर अधू. पांढरी रेघ पाहून तिला वाटले, कुण्या सुनेने रांगोळी अर्धीच टाकली. "आळशी कुठली!" असे पुटपुटत तिने ती तळ्याभोवती फिरवून पुरी केली, ठिपके दिले, हळदकुंकू वाहिले.

खणणारे आले आणि थबकले.

"इरप्पा, फक्कीच आहे ती," दाणी बाई म्हणाल्या.

"असंल की बाई. पन कुंकू पडलंय," मुकादम म्हणाला. "वाऱ्यानं पुसू द्या, मग खणतो."

वारा पुसून जाई. चाळीतल्या बाया सकाळी पुन्हा काढत. आता मात्र त्या डोळे उघडे ठेवून काढत होत्या. शेवटी चिडलेल्या बाई भल्या सकाळी स्वतःच आडापाशी येऊन उभ्या राहिल्या. पाण्याची रांग लागलेली. नरसव्वाने त्यांच्या हाती तांब्या दिला.

"आदी पानी पी गं माय. मग भांड की."

पाणी पिऊन बाईंनी आधी रांगेकडे आणि मग तळ्याकडे पाहिले म्हणे. मग त्यांनी फक्की मागवली आणि रांगोळीच्या बाहेरून, तिच्या कडेकडेने, नवी रेघ ओढली.

नरसव्वा गेली. चाळींना नळ आले. पण आजही वाटेच्या या वळणावर रोज रांगोळी पडते, आणि आल्या माणसाला आडाचे पाणी दिल्याशिवाय कुणी पुढे नेत नाही.

घ्या, हा तांब्या. धुराडे कुठे जात नाही.