काहिलीतला हात

ही गोष्ट मला पुन्हा सांगायला लावू नका, म्हणून कितीदा सांगितलं. सांगून झाली की "म्हणजे काय?" विचारता. मी काय मास्तर आहे? मागच्या खेपेला तर तात्या म्हेतर ऐन रंगात उठून बिडी ओढायला गेला. माफी मागायचं नाव नाही अजून. पण तुम्ही पिच्छा सोडणार नाही. तर ऐका.

"...मग माझ्या हातात काय कमी होतं, बुवा? तेवढं सांगा."

बापूसो मगदूम हे तिसऱ्यांदा विचारत होता.

रेवणगिरी बुवा काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसावरची मळी झाऱ्यानं काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

भोगावतीच्या काठाला त्यांचा लहानसा मठ. चार एकर ऊस, आणि दर माघात आठ दिवस गुऱ्हाळ. मठाच्या भंडाऱ्याला लागणारा गूळ बुवा स्वतः काढायचे. अंगावर भगवी छाटी, पण काहिलीखालच्या चुलवाणासमोर उभे राहिले की पक्के गुळव्या. गुळव्या म्हणजे ज्यानं "उतरवा" म्हणायचं आणि गड्यांनी काहील उतरवायची. त्या एका शब्दावर सगळा गूळ. अलीकडे म्हटला तर पातळ राहिला, पलीकडे म्हटला तर करपला.

आणि हा बापूसो साखर कारखान्यात चोवीस वर्षं पॅनमन. लोखंडाचा बंद पॅन, खोलीएवढा. त्याला ताटलीएवढी काच. त्या काचेतून आत उकळणारा पाक बघायचा आणि साखरेचा दाणा कधी धरला ते ओळखायचं. चोवीस वर्षांत याचा एक पॅन फसला नव्हता.

मग कारखान्यानं यंत्र आणलं. दिवाळीच्या तोंडावर साहेबानं केबिनमध्ये बसवून चहा पाजला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नका. वय वर्षं एकोणपन्नास.

चार ठिकाणी हिंडला. एकानं वय विचारलं. एकानं कॉम्प्युटर येतो का विचारलं. एकानं पुढच्या महिन्यात या म्हटलं, ते अजून म्हणतोय. चौथ्यानं पेट्रोल पंपावर रखवालदार हो म्हटलं, तर हा त्याच्या अंगावर धावून गेला. घरी बायको काही बोलत नव्हती. तेच याला जास्त खुपत होतं.

"काय कमी न्हवतं," बुवा म्हणाले.

"मग काढलं का?"

"ते त्यांना इचार."

"त्यांना काय कळतंय! पाकातलं मला सगळं कळतं, बुवा. नुसता रंग बघून सांगतो. तुमची आता ऐंशीची उमर. मला गुळव्या म्हणून ठेवा. काम बघा, मग बोला."

चुलवाणाला शेवंताक्का होती. बारा वर्षं मठाच्या गुऱ्हाळाचा जाळ तिच्याकडं. चिपाडाची पेंडी आत सारता सारता ती म्हणाली, "काम मागायला आलाय का मठ ताब्यात घ्यायला?"

बुवा हसले. मळीचा झारा त्यांनी बापूसोच्या हातात दिला.

"ठेवला," ते म्हणाले. "काहिलीतलं हे आदण तूच उतरीव."

आणि जाऊन दगडावर बसले.

बापूसोनं खिशातून रुमाल काढला. रुमालात बोटभर काचेची पट्टी होती. कारखान्यात याच पट्टीवर पाक घेऊन तो उजेडाला धरायचा. तसाच आताही धरला.

"अजून दाणा न्हाई," तो म्हणाला.

जाळ घुमत होता. काहिलीत बुडबुडे आधी बारीक होते, मग रुपयाएवढे झाले, मग जड झाले आणि फुटताना आवाज करू लागले.

"वास बदलला, बुवा," शेवंताक्का म्हणाली.

"अक्का, चोवीस वर्षं केलंय मी," बापूसो म्हणाला. "दाणा दिसल्याबिगर पाक उतरवत न्हाईत."

"बुवा, भंडाऱ्याचा गूळ हाय ह्यो!" शेवंताक्का म्हणाली.

"गुळव्या त्यो हाय," बुवा म्हणाले.

बापूसोनं पुन्हा पट्टीवर पाक घेतला. उजेडाला धरणार तोच काच तट्‌दिशी तडकली. आणि मग त्यालाही वास आला.

"उतरवा! उतरवा!"

गड्यांनी काहील उतरवली. पाक निवायच्या वाफ्यात ओतली. गूळ पसरला तो डांबरासारखा काळा.

बुवा उठले. काळ्या गुळाचा तुकडा खरवडला, फुंकला, तोंडात टाकला. नीट चघळला.

"कडू," ते म्हणाले.

एवढंच. राग नाही, काही नाही. उरलेला तुकडा त्यांनी बापूसोच्या हातावर ठेवला. त्यानंही खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच म्हणा तिथं.

"मी जातो, बुवा. मला काढून टाका."

"ह्येला कामावरनं काढून घ्यायची सवयच लागली बघा!" शेवंताक्का म्हणाली. "जाणार असशील तर आधी चार पेंड्या आणून टाक. माझा जाळ बसला."

बापूसो गेला तो चिपाडाच्या गंजीकडं. पेंड्या घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा आला.

"दुसरा रस चढवा," बुवा म्हणाले.

दुपार झाली. रस उकळला, भेंडीचं पाणी पडून मळी वर आली, ती निघाली, पाक आटत आला. आता बुवा काहिलीजवळ उभे होते. सगळी काहील खदखदत होती, पिवळी, लाल, परत पिवळी. वाफेत बुवांचा चेहरा दिसत होता, नव्हता.

बुवांनी छाटीचा पदर कमरेला खोवला. उजवा हात बादलीतल्या गार पाण्यात कोपरापर्यंत बुडवला.

आणि तो हात सरळ त्या उकळत्या पाकात घातला.

बापूसो एक पाऊल मागं सरला. चोवीस वर्षं त्यानं पाक बघितला होता, पण मधे लोखंड होतं, काच होती. उकळत्या पाकाला त्याची कातडी एकदाही लागली नव्हती. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

हात बाहेर आला तो सोन्यात बुडवून काढल्यासारखा. बोटांवरून पाक ओघळत होता, त्यातून उन्हं आरपार जात होती. बुवांनी हात पाण्यात धरला. चर्र झालं. बोटांत पाक वळला, बघितला.

"न्हाई."

पुन्हा पाणी. पुन्हा पाक.

"...न्हाई."

शेवंताक्का पेंडी हातात धरून उभी राहिली होती. गडी काहिलीच्या दांड्यांना हात घालून वाकलेले, पण जागचे हलत नव्हते.

तिसऱ्यांदा हात आत गेला. बाहेर आला. बुवांनी बोटांत गोळी वळली आणि दगडावर मारली.

टण्.

"उतरवा."

काहील उतरली, वाफा भरला. काय रंग होता म्हणून सांगू! पिकलेल्या जोंधळ्यावर सकाळचं ऊन पडावं तसा. बापूसोचे हात कधी जोडले गेले ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

मग तो म्हणाला, "बुवा... साठ वर्षं करताय."

"हूं."

"मग तीनदा हात कशाला घातला? नुसतं बघून कळत न्हाई?"

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. खरंच नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"कळत असतं तर हात घातला असता व्हय, लेका?"

...

दिवसाचा शेवटचा रस चढला तेव्हा उन्हं कलली होती. पाक आटत आला, तरी बुवा दगडावरून उठले नाहीत. शेवंताक्कानं बादलीत गार पाणी भरून ठेवलं आणि ती बापूसोच्या पायाशी सरकवली.

बापूसोनं शर्टाची बाही दुमडली.

"भाजंल का?" त्यानं विचारलं.

"भाजंल कवातरी," बुवा म्हणाले.

त्यानं हात भिजवला. काहिलीवर धरला. वाफ लागली तसा मागं घेतला. शेवंताक्का हसली नाही.

पुन्हा भिजवला. आणि घातला.

पापणी मिटून उघडेपर्यंतची गोष्ट. पण तेवढ्यात पाकानं त्याचा हात आतून ढकलला. जित्या जनावराच्या पोटाला हात लागावा तसं झालं. हात त्यानं पाण्यात घातला. बोटांत पाक वळला. जिभेवर उत्तर तयार असायची त्याला चोवीस वर्षांची सवय. आज जीभ रिकामी.

"...कळत न्हाई, बुवा."

त्यानं पुन्हा हात घातला. मऊच होतं. पुन्हा घातला. एक बोट पोळलं, ते त्यानं तोंडात धरलं. चौथ्या वेळेला गोळी वळली, दगडावर मारली. आवाज झाला, पण बारीक. त्यानं बुवांकडं बघितलं. बुवा नदीकडं बघत होते. पाचव्या वेळेला टण् वाजलं की वाजल्यासारखं वाटलं, देव जाणे.

"उतरवा," बापूसो म्हणाला. इतक्या हळू की गड्यांनी आधी शेवंताक्काकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

गूळ आला. दुपारच्यासारखा नव्हे, जरा तांबूस. शेवंताक्कानं बोटभर चाटला.

"खाण्याजोगा हाय," ती म्हणाली. "उद्या येताना जुनी कापडं घालून ये."

बापूसो तिथंच मातीत बसला. बोट सुजलं होतं आणि तो वेड्यासारखा त्या बोटाकडं बघत होता. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याला भूक लागली होती.

बुवा बादलीत हात धुवत होते.

"बुवा," बापूसोनं विचारलं, "नुसतं बघून कळायला मला किती वर्षं लागतील?"

बुवांनी हात झटकले. छाटीला पुसले.

"कळायला लागलं की सांग मला. तुज्या जागी दुसरा मानूस बघतो."