दगडफूल कुणाला विचारावं

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात सगुणा नावाची एक सून होती. गोष्ट इतकी जुनी आहे की गावाचं नाव आता कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. सुनेचं राहिलं.

तिच्या घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि नवऱ्याचा म्हातारा बाप. त्यांना ती मामंजी म्हणायची. सासू गेली आणि मामंजींचं जेवणावरचं मनच उडालं. ताट पुढं आलं की दोन घास चिवडायचे आणि हात धुवायचे. हळूहळू अंगरखा खांद्यावरून घसरायला लागला. उठायचं म्हटलं तरी खांब धरावा लागायचा.

सगुणा त्यांच्यावर जीव टाकायची. मामंजी गाईला पाणी दाखवायला उठले की ती धावत यायची. "मामंजी, तुम्ही नुसतं बसा." दोर वळायला घेतला की दोर काढून घ्यायची. "मी आहे ना, तुम्ही नुसतं बसा." प्यायचं पाणीसुद्धा हातात नेऊन द्यायची. गाव म्हणायचं, सून असावी तर अशी. आणि मामंजी ओसरीवर बसून अंगणातलं ऊन सरकताना बघायचे. दुसरं करायला काही नव्हतंच.

एकदा वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि बाहेर येऊन म्हणाले, "रोग काही नाही. पोटात अन्न नाही, एवढंच. पण असंच चाललं तर पुढचा पावसाळा हे बघायचे नाहीत."

नवरा वैद्यबुवांना पोचवून आला. मग हळूच म्हणाला, "आईच्या हातचं खायचे गं ते. तुझ्या हाताला चव नाही असं म्हणत नाही मी, पण..."

"मग काय म्हणता?"

"काही नाही," म्हणाला, आणि बैल सोडायला निघून गेला.

त्यात शेजारच्या भागामावशी कुंपणावरून डोकावल्या. "काय गं सगुणे, आजपण ताट गाईलाच का? गाय मात्र चांगली गुबगुबीत झाली हो तुमची!"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती विचार करत बसली. सासूबाईंच्या आमटीत काय होतं, जे आपल्या आमटीत नाही? मग तिच्या ध्यानात आलं. सासूबाई घाटावरच्या गोदाक्काच्या दुकानातून अख्खा मसाला आणायच्या आणि घरी भाजून कुटायच्या; सगुणा तेव्हा शेतात असायची. सगुणाचं माहेर लांब, समुद्राकाठी. तिकडचा स्वयंपाक निराळा. सासूबाई गेल्यापासून ती बाजारातून कुटलेला मसाला आणून घालत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती घाट चढायला लागली.

गोदाक्काचं दुकान कुणाला विचारावं लागायचं नाही. शेवटच्या वळणावर वारा अंगावर आला की कळायचं. सगुणा तिथं थबकली. एका वाऱ्यात किती वास असावेत! पुढं धण्याचा, त्याच्या मागून लवंगेचा, आणि सगळ्यांच्या खाली दबून असलेला ओल्या लाकडासारखा दालचिनीचा.

दुकान म्हणजे एक लांबट अंधारी खोली. दोन्ही भिंतींना पोती, टोपल्या, मडकी. मध्ये पाटावर गोदाक्का. केस पांढरेधोट आणि बोटं हळदीनं कायमची पिवळी.

"आधी हात दाखव," गोदाक्का म्हणाली. सगुणानं हात पुढं केले. "ओले आहेत. पूस पदराला. ओल्या हातानं मसाल्याला शिवायचं नाही."

सगुणानं हात कोरडे केले. "मला मसाला हवाय, आक्का. कुटलेला."

"कुटलेला माझ्याकडं नसतो. कुटलेल्याचं सगळं बोलून झालेलं असतं, त्याला घरी नेऊन काय ऐकणार?"

असं म्हणून तिनं टोपलीतून एक वेलदोडा उचलला. हिरवट, सुरकुतलेला, करंगळीच्या नखाएवढा. तो सगुणाच्या नाकापाशी धरला. वास होता, पण जेमतेम. मग गोदाक्कानं तो दोन बोटांत फोडला.

सगुणाला वाटलं, खोलीत कुणीतरी आलं. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं.

गोदाक्का हसली. "सगळे वळून बघतात. केव्हापासून हा श्वास धरून बसला होता, कुणास ठाऊक. झाडावरून उतरला, उन्हात वाळला, बैलाच्या पाठीवर बसून डोंगर उतरला-चढला, पण आतलं काही सांडू दिलं नाही. देवाची करणी बघ, केवढंसं घर आणि केवढा माणूस राहतो त्यात!"

मग एकेक जिन्नस निघायला लागला. धणे, जिरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, खसखस. गोदाक्का प्रत्येक जिन्नस तिच्या तळहातावर ठेवायची, हुंगायला लावायची आणि सांगायची. धणे मंद आचेवर. खसखस तेलाशिवाय. सगळं एकत्र भाजायचं नाही, ज्याची त्याची वेळ वेगळी. सगुणा तोंडाचा आ करून ऐकत होती. इतकी वर्षं आपण रांधतोय आणि रांधतोय ते काय, हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तिला झालं.

"कुणासाठी नेतेस एवढं?"

"मामंजींसाठी. त्यांचं जेवण तुटलंय."

"दिवसभर काय करतात?"

"काही नाही. मी त्यांना काडी इकडची तिकडे करू देत नाही."

गोदाक्काचा हात जरा थांबला. मग ती उठली आणि कोपऱ्यातल्या मडक्यातून काहीतरी काढून वेगळ्या पुडीत बांधायला लागली. काळपट, करडं, चुरगळलेल्या कागदासारखं.

"हे काय, आक्का? झाडाची साल सोलून देताय होय?"

"दगडफूल."

सगुणानं हुंगलं. काहीच वास नाही. "आमच्या माहेरी हे घालत नाहीत. याचं काय करू?"

"घरी विचार."

"घरी कुणाला विचारू? सासूबाई गेल्या."

"दुसरं कुणीच नाही घरात?"

"मामंजी आहेत. पण पुरुषमाणसाला काय कळतंय मसाल्यातलं?"

"मग दे टाकून वाटेत," गोदाक्का म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे हात बघायला लागली.

घाट उतरताना सगुणानं ती पुडी दोनदा उघडली. धुळीसारखं ते. टाकावं असं तिला वाटलं, पण आक्कानं दिलंय म्हणून टाकवेना.

घरी येऊन तिनं चूल पेटवली. सांगितल्यासारखा एकेक जिन्नस भाजून सुपात काढला. घर वासानं भरून गेलं. शेवटी पुडी तेवढी राहिली. ती घेऊन सगुणा दाराशी आली. मामंजी ओसरीवर बसले होते, ऊन बघत. विचारावं कसं? आजवर आपणच त्यांना सांगत आलो, हे करू नका, ते करू नका. पण तिला खरंच येत नव्हतं. ती खाली बसली.

"मामंजी, याचं काय करायचं असतं?"

मामंजींनी पुडीकडं बघितलं. "मला काय विचारतेस? मला कुठं काय येतं."

"मला तर काहीच येत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर चुलीत जाईल."

म्हाताऱ्यानं पुडीकडं पुन्हा एकदा बघितलं. मग त्यानं हात पुढं केला. "दे इकडं. आणि सूप आण."

सगुणानं सूप आणलं. काय शोधायचं ते मामंजींच्या बोटांना ठाऊक होतं. "ही खपली बघ. झाडाची आहे. ही राहिली की दाताखाली कचकच. डोळे कुठं ठेवलेस? ही बघ वाळू. तुझ्या सासूलासुद्धा दिसायची नाही. निवडायचं काम माझं होतं आणि कुटायचंही माझंच."

"मला कुणी सांगितलंच नाही, मामंजी."

"तू विचारलंस कधी?"

निवडून झालं तसे ते उठले. आपल्याला खांब धरायचा असतो, हे विसरूनच उठले. चुलीपाशी बसले. "तेल टाक. अगं, एवढं नको! दिवा लावायचाय का? थेंबभर. आणि आच काढ मागं. हे जळलं की कडू."

तेल तापलं. मामंजींनी दगडफूल कढईत सोडलं.

आधी काहीच झालं नाही. मग त्या मेल्यासारख्या पापुद्र्यांनी कडा उचलल्या, अन् वास उठला. तो फुलाचा नव्हता, फळाचा नव्हता. रानात खोल कुठंतरी, जिथं ऊन पोचत नाही, तिथल्या दगडाला वास असता तर तो असा असता. मघाचे सगळे वास वेगवेगळे उभे होते, ते याच्याभोवती येऊन बसले. सगुणा उलथणं हातात धरून तशीच राहिली. सासूबाई असताना शेतातून परत आल्यावर तिनं दारात उभं राहून किती वेळा हा वास घेतला होता! तिला वाटायचं, सासूबाईंच्या हाताचाच तो वास.

"बघत काय बसलीस? उतरव!" मामंजी ओरडले.

मसाला निवला तसं त्यांनी मुसळ मागितलं. नाकाला पदर लावून सगुणानं उखळ भरलं आणि मामंजी कुटायला लागले. दोन ठोके, थोडा दम. दोन ठोके, थोडा दम. ठसका उठला तशा भागामावशी कुंपणाशी आल्या आणि किंचाळल्याच.

"अगं बाई! मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याच्या हातात मुसळ? लोक काय म्हणतील गं? सून आहेस का कोण!"

सगुणाचा चेहरा उतरला. गाव तिला चांगली म्हणायचं, ते तिला फार आवडायचं. उद्यापासून म्हणणार नाही. तिचा हात सवयीनं मुसळाकडं गेला. मामंजी थांबले. त्यांनी मुसळ सोडलं नाही, पण डोळ्यांतलं काहीतरी विझायला लागलं. सगुणाला ते दिसलं.

तिनं हात मागं घेतला.

"मावशी, जरा लांब उभ्या राहा," ती म्हणाली, "मसाला डोळ्यांत जाईल. आणि मामंजी, नागकेशर राहिलंय अजून, थांबू नका."

दिवेलागणीला नवरा घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. मामंजी पाटावर बसून आमटीत भाकरी कुस्करत होते. घाम पुसत, नाक ओढत जेवत होते.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "आणखी अर्धी भाकरी वाढ."

सगुणानं वाढली. मीठही पुढं सरकवलं.

"अंगात जरा बळ येऊ दे," मामंजी घास गिळून म्हणाले, "मग मला त्या गोदाक्काकडं घेऊन चल. एवढी वाळू घालून दगडफूल देते म्हणजे काय? भांडायचंय मला तिच्याशी."

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाला बसायला पाट द्यावा, जेवायला ताट द्यावं आणि हाताला काम द्यावं. शेवटचं द्यायचं राहिलं, तर आधीच्या दोहोंना चव येत नाही.